वॉर्साचा राजवाडा: चारशे वर्षांचा की चाळीस?

वॉर्सात नोकरीला असलेल्या माझ्या मावसभावाने मध्यंतरी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो टाकला. गुलाबीसर विटकरी रंगाची लांबलचक इमारत, मधोमध घड्याळाचा मनोरा, आणि खाली ओळ: ‘चारशे वर्षांपूर्वीचा राजवाडा.’ पाच मिनिटांत मावशीचं उत्तर आलं, ‘रंग तर काल दिल्यासारखा दिसतोय.’ मग कुणीतरी गुगल केलं आणि जाहीर केलं की हा राजवाडा लोकांसाठी १९८४ साली उघडला, त्याआधी कित्येक वर्षं तिथे नुसती मोकळी जागा होती. ‘म्हणजे डुप्लिकेट!’ यावर विषय संपला आणि आंब्याच्या पेटीचा भाव सुरू झाला.

माझ्या मते विषय तिथे संपायला नको होता. आगीत होरपळलेलं पॅरिसचं नोत्र दाम डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा हाच प्रश्न निघाला. वॉर्सातच महायुद्धात उडवलेला दुसरा एक वाडा, सॅक्सन पॅलेस, पुन्हा उभा करायचा कायदा २०२१ मध्ये झाला, आणि तिथेही तोच वाद आहे. जे पूर्ण नष्ट झालं ते हुबेहूब बांधलं, तर त्याला जुनं म्हणायचं की नवं? वॉर्साच्या राजवाड्याइतकं या प्रश्नाचं स्वच्छ उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

आधी तीन शब्द वेगळे करू

गावाकडचा एखादा वाडा डोळ्यांसमोर आणा. दर पावसाळ्याआधी कौलं शाकारायची, तुळयांना वाळवी लागू द्यायची नाही, हे झालं जतन. मधल्या काळात कुणीतरी सागवानी खांबांवर फासलेला ऑइलपेंट खरवडून मूळ लाकूड उघडं करायचं, तुटलेल्या नक्षीला जोड द्यायचा, हे झालं पूर्ववत करणं. आणि वाडा पार कोसळला, फक्त जोतं उरलं, त्यावर तसाच वाडा नव्याने चढवला, तर ती पुनर्बांधणी.

आपण या तिन्हीला बिनदिक्कत ‘जीर्णोद्धार’ म्हणतो, आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. अहिल्याबाई होळकरांनी काशीविश्वेश्वराचं मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारलं तेव्हा आधीच्या देवळाची नक्कल झाली पाहिजे, असा आग्रह नव्हता. देव त्याच गावी पुन्हा बसला, मंदिर त्या काळच्या पद्धतीने बांधलं. पुन्हा बांधणं वेगळं आणि ‘तसंच’ पुन्हा बांधणं वेगळं. वॉर्साच्या लोकांना तसंच हवं होतं. खिडकीची चौकट, छताची नक्षी, मनोऱ्याची उंची, सगळं. ते का, हे कळायला त्या वास्तूत काय काय घडलं होतं ते थोडक्यात पाहावं लागेल.

राजवाडा होता तरी कुणाचा?

सुरुवात चौदाव्या शतकातल्या एका मनोऱ्यापासून होते. व्हिस्तुला नदीच्या उंच काठावर माझोव्हिया प्रांताच्या सरदारांचा तो गड होता. १५२६ मध्ये हा प्रांत पोलंडच्या राजाकडे गेला. १५६९ मध्ये पोलंड आणि लिथुएनिया यांचं एक राज्य झालं, आणि दोघांची मिळून जी संसद, म्हणजे सेयम, ती वॉर्सात भरू लागली. कारण सोपं होतं: तेव्हाची राजधानी क्राकूफ दक्षिणेला पार कोपऱ्यात पडायची, वॉर्सा दोन्हीकडच्या लोकांना सोयीचं. पुढे झिग्मुंट तिसरा वासा या राजाने दरबारही वॉर्साला हलवला आणि १५९८ ते १६१९ या काळात इटालियन वास्तुकारांकडून गडाचा मोठा पंचकोनी राजवाडा करून घेतला. फोटोतला मनोरा त्याचाच, सुमारे ६० मीटर उंच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. ही वास्तू एकट्या राजाची नव्हती. एका बाजूला राजाची दालनं आणि दुसरीकडे सेयमची सभागृहं, एकाच छपराखाली. मुंबईतलं राजभवन आणि विधान भवन एकाच इमारतीत असतं तर जसं, तसं. पोलंडचा शेवटचा राजा स्तानिस्वाव ऑगुस्त पोन्यातोव्स्की याने १७६४ नंतर दालनं नव्याने सजवली. मार्चेल्लो बाच्चारेल्ली या चित्रकाराकडून छतं आणि राजांची चित्रं रंगवून घेतली, बर्नार्दो बेलोत्तो या दुसऱ्या इटालियनाकडून शहरातल्या रस्त्यांची बारकाव्यांसकट चित्रं काढून घेतली. आणि याच राजवाड्याच्या सेनेट सभागृहात ३ मे १७९१ रोजी युरोपातली पहिली आधुनिक लिखित राज्यघटना मंजूर झाली.

ती फार दिवस टिकली नाही. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी लचके तोडत तोडत १७९५ मध्ये पोलंड नकाशावरून पुसून टाकला. पुढची १२३ वर्षं पोलंड नावाचा स्वतंत्र देश नव्हता. राजवाड्यात रशियन अधिकारी राहिले, त्यांनी दालनं वाट्टेल तशी बदलली, वस्तू उचलून नेल्या. १९१८ मध्ये देश स्वतंत्र झाला, रशियाकडून बराच ऐवज परत मिळवला, आणि १९२६ पासून राष्ट्राध्यक्ष इथे राहू लागले. म्हणजे पोलिश माणसाला ही इमारत दिसली की राजा आठवतोच असं नाही. आपला देश होता, गेला, परत आला, हे आठवतं. जर्मनांनाही ते नेमकं ठाऊक होतं.

पाडण्याआधीच सुरू झालेली पुनर्बांधणी

१७ सप्टेंबर १९३९. जर्मन तोफांचे गोळे राजवाड्यावर पडले, छपराने पेट घेतला, मनोऱ्याचा माथा जळाला. घड्याळ सव्वाअकराला थांबलं. संग्रहाची देखरेख करणारे अभिरक्षक काझिमेझ ब्रोक्ल तिथेच मारले गेले. मोठ्या नृत्यदालनाचं बाच्चारेल्लीने रंगवलेलं छत खाली आलं. तरीही भिंती उभ्या होत्या. छप्पर घालून इमारत वाचवता आली असती.

ऑक्टोबरात हिटलरकडून हुकूम आला की राजवाडा उडवायचा. व्यापलेल्या पोलंडचा गव्हर्नर हान्स फ्रांक पाहणीला आला आणि सिंहासनामागचे रुपेरी कशिद्याचे गरुड त्याने स्वतःच्या हाताने ओरबाडले, असं पाहणाऱ्यांनी सांगून ठेवलं आहे. गरुड हे पोलंडचं राजचिन्ह. असे ८६ गरुड तिथे होते. मग जर्मन सैनिकांनी भिंतींना सुरुंगाची भोकं पाडायला घेतली, एक-दोन नव्हे, हजारो. पण स्फोट लगेच झाला नाही. चाळण झालेल्या भिंती जवळजवळ पाच वर्षं तशाच उभ्या राहिल्या.

या पाच वर्षांत जे झालं ते माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक स्तानिस्वाव लोरेंत्स आणि वास्तुकार यान झाख्वातोविच यांनी, सोबतच्या लोकांना घेऊन, राजवाड्यातून मिळेल ते बाहेर काढायला सुरुवात केली होती. चित्रं, पुतळे, शेकोट्यांच्या संगमरवरी चौकटी, दारांच्या फळ्या, लाकडी जमिनीचे तुकडे, गिलाव्यातल्या नक्षीचे नमुने. कधी परवानगीच्या आडून, कधी पहाऱ्याची नजर चुकवून. पकडलं गेलं तर शिक्षा काय, हे सगळ्यांना माहीत होतं. सामान संग्रहालयात नेऊन दडवलं.

नक्षीचा तुकडा वाचवून काय साधतं? शिंपिणीकडे नवा ब्लाउज टाकताना आपण मापाचा जुना ब्लाउज देतो. तो विटलेला असो, उसवलेला असो, तिला फरक पडत नाही, त्यावरून गळा, बाही, टक्स सगळं मिळतं. छताच्या कडेची पट्टी शंभर फूट लांब असेल तर तिचा हातभर तुकडा म्हणजे मापाचा ब्लाउज. त्यावरून साचा काढायचा, साच्यावरून उरलेली पट्टी ओतायची. वजनदार सिंहासनापेक्षा असा तुकडा जास्त कामाचा.

तुकड्यांइतकीच कागदांची काळजी घेतली गेली. वॉर्साच्या तंत्रविद्यापीठात वास्तुकलेचे विद्यार्थी आणि शिक्षक युद्धाच्या आधीपासून शहरातल्या जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे करत होते. हा अभ्यासक्रमातला कंटाळवाणा भाग असावा: शिडीवर चढा, टेप धरा, वहीत लिहा. हेच नकाशे पुढे सोन्याच्या मोलाचे ठरले. १९४४ च्या जर्मनांविरुद्धच्या उठावानंतर ते शहराबाहेर काढून पिओत्रकुफ गावातल्या मठात लपवले गेले.

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्सा पेटून उठलं. ६३ दिवस लढाई चालली. ती चालू असतानाच, सप्टेंबरात, जर्मनांनी राजवाडा सुरुंगांनी उडवला. नंतर सबंध शहर पद्धतशीरपणे, घरामागून घर, जाळलं आणि पाडलं. युनेस्कोच्या नोंदीत जुन्या वॉर्साचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग नष्ट झाल्याचं म्हटलं आहे. राजवाड्याच्या जागी ढिगारा उरला, आणि एका खिडकीसकट भिंतीचा एक तुकडा. त्या खिडकीच्या खोलीत एके काळी लेखक स्टेफान झेरोम्स्की राहायचे, म्हणून तिला झेरोम्स्कींची खिडकी म्हणतात.

तेव्हा पुनर्बांधणी कधी सुरू झाली असं कुणी विचारलं तर पुस्तकी उत्तर १९७१. माझं उत्तर १९३९. इमारत पडायच्या आधीच तिचा पुरावा सोडवून ठेवला होता.

मग एवढी वर्षं जागा रिकामी का?

जुन्या शहराची घरं १९५३ पर्यंत उभी राहिली होती. राजवाड्यासमोरचा झिग्मुंट राजाचा खांब १९४९ मध्येच पुन्हा उभारला गेला. त्याच साली सेयमने राजवाडा बांधायचा ठरावही केला. पण काम हलेना. पैशाची ओढाताण होतीच, शिवाय सत्ता कम्युनिस्टांची. राजेरजवाड्यांची दालनं सोनेरी वर्ख लावून पुन्हा सजवायची, यात त्यांना रस नसणं समजू शकतं. कम्युनिस्ट पक्षाचे नेते गोमुल्का यांच्या काळात तर विषय बासनातच गेला.

डिसेंबर १९७० मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर महागाईविरुद्ध उतरलेल्या कामगारांवर गोळीबार झाला, माणसं मेली, गोमुल्का यांची सत्ता गेली. नवे नेते एडवर्ड गिएरेक यांना लोकांचं मन जिंकायचं होतं. जानेवारी १९७१ मध्ये जाहीर झालं की राजवाडा बांधणार, नागरिकांची समिती बांधणार, लोकवर्गणीतून बांधणार. हे राजकारण नव्हतं असं म्हणणं भाबडेपणा होईल. पण वर्गणी आली ती गिएरेकसाठी नाही. देशातून आली, परदेशात पांगलेल्या पोलिश लोकांकडून आली, आणि हजारो माणसं ढिगारा उपसायला स्वतः आली.

‘तो पैसा घरांवर का नाही घातला?’ हा आक्षेप तिथेही होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही, कारण सत्तरच्या दशकातही तिथे फ्लॅटसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. एवढंच म्हणता येईल की जुन्या शहरातल्या घरांचं काम आधी झालं, राजवाडा नंतर, आणि देणाऱ्याने राजवाड्यासाठी म्हणून दिलेला पैसा होता.

१९ जुलै १९७४ रोजी मनोऱ्यावरचं घड्याळ सुरू केलं गेलं. वेळ मुद्दाम निवडली होती: सव्वाअकरा. आतली दालनं सजायला आणखी दहा वर्षं गेली.

कोणत्या सालचा राजवाडा बांधायचा?

इथे खरी पंचाईत होते. सुरुंग लागला तेव्हाची इमारत ही रशियनांनी बदललेली, मग विसाव्या शतकात दुरुस्त केलेली होती. ‘होती तशी’ म्हणजे कधीची?

बाहेरून बहुतांशी वासा राजाचं सतरावं शतक आणि नदीकडच्या अंगाला अठराव्या शतकातलं, जर्मनीतल्या सॅक्सनीहून आलेल्या राजांच्या काळचं दर्शनी रूप, असं ठरलं. आत मात्र शेवटच्या राजाचा काळ धरला. ज्या सेनेट सभागृहात राज्यघटना मंजूर झाली ते रशियन अमलात ओळखू येणार नाही इतकं बदललं होतं. ते १७९१ सारखं केलं. संगमरवरी खोलीची मूळ सजावट तर एकोणिसाव्या शतकातच काढून टाकली होती. ती जुन्या चित्रांवरून पुन्हा केली आणि तिथे बाच्चारेल्लीने रंगवलेली पोलिश राजांची २२ चित्रं लावली. चित्रं मात्र अस्सल, कारण ती वाचली होती.

याचा अर्थ असा की १९३९ मधल्या कुणाला आजच्या राजवाड्यात फिरवलं असतं, तर तो काही खोल्यांत म्हणाला असता, ‘हे असं नव्हतं.’ मला हे या प्रकल्पाचं सगळ्यात कमजोर ठिकाण वाटतं. नको असलेलं शतक गाळून हवं ते ठेवायचा मोह कुणालाही होतो, आणि रशियन वर्षंही त्या इमारतीच्या आयुष्यातलीच होती.

उलट जिथे पुरावा होता तिथली काटेकोरी थक्क करणारी आहे. सोडवून आणलेले कोरीव दगड ज्या जागचे, त्याच जागी नव्या भिंतीत बसवले. नृत्यदालनाचं छत जुन्या फोटोंवरून पुन्हा रंगवलं. सिंहासनामागच्या ८६ गरुडांपैकी एक पुढे अमेरिकेत सापडला, आणि त्याच्यावरून बाकीचे विणून घेतले. पुन्हा मापाचा ब्लाउज!

‘पण शेवटी हे खोटंच ना?’

तज्ज्ञांचं मत विचाराल तर पुस्तकात उत्तर ‘हो’ असंच आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे वारसा-जतनाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात, म्हटलं आहे की अंदाज सुरू होतो तिथे काम थांबलं पाहिजे. अवशेषांच्या बाबतीत तर पडलेले मूळ तुकडे पुन्हा जोडा, पण नव्याने बांधू नका, असा दंडक आहे.

गंमत म्हणजे ही सनद लिहिणाऱ्यांत यान झाख्वातोविच होते. हो, तेच. आणि सनदेच्या पाठोपाठ १९६५ मध्ये स्थापन झालेली इकोमॉस ही वारसातज्ज्ञांची जागतिक संघटना जन्मली कुठे, तर पोलंडमध्ये.

याला दुटप्पीपणा म्हणता येईल, पण माणसाने काही लपवलं नव्हतं. १९४६ मध्येच झाख्वातोविच यांनी साधारण असं मांडलं होतं की जतनाच्या शास्त्राप्रमाणे आपण करतोय ते असत्य आहे, त्यातली शोकांतिका आपल्याला कळते, तरी पुढच्या पिढ्यांना अस्सल नाही तर निदान नेमका आकार देणं आपलं कर्तव्य आहे. त्यांचा मुद्दा असा की काळाने, पावसाने, भूकंपाने पडलेली इमारत वेगळी. एखाद्या समाजाची आठवण पुसायची म्हणून कुणी ठरवून पाडली, तर ढिगारा जपणं म्हणजे पाडणाऱ्याचं काम पूर्ण करून देणं.

युनेस्कोलाही हा घास सहज गिळता आला नाही. चर्चा रेंगाळली आणि १९८० मध्ये वॉर्साचं जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत आलं, तेही तेराव्या-चौदाव्या शतकातलं म्हणून नव्हे, तर विसाव्या शतकातल्या पुनर्बांधणीचं असामान्य उदाहरण म्हणून. सोबत इतरांसाठी दार जवळपास बंदच झालं. पुनर्बांधणी चालेल, पण पूर्ण आणि तपशीलवार नोंदींच्या आधारे, अंदाजाला जागा नाही.

म्हणून ‘चारशे की चाळीस’ याचं माझं उत्तर असं: भिंत पन्नाशी ओलांडलेली, तिच्यातले काही दगड चारशे वर्षांचे, आणि आकार पुराव्यानिशी जुना. दुकानदाराने नव्या पितळेवर चिंचेचा कोळ फासून ‘अँटिक’ म्हणून विकणं आणि पावती दाखवून ‘ही प्रत आहे, अस्सल हे एवढंच’ म्हणून सांगणं, यात मला तरी मोठा फरक दिसतो.

‘मग आपला शनिवारवाडा का नाही?’

हा प्रश्न येणारच. १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला, तट, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंज्यांचे हौद उरले. दर काही वर्षांनी कुणीतरी म्हणतं, बांधा पुन्हा.

वॉर्साचा दाखला देणाऱ्याने वॉर्साचा हिशेबही मांडावा. आतल्या दालनांचे मापं घेऊन काढलेले नकाशे किती आहेत? छताचे, खांबांचे, कमानींचे मूळ तुकडे किती हाती आहेत? कोणत्या सालचा वाडा, थोरल्या बाजीरावांचा १७३२ चा की नंतरच्या पेशव्यांनी वाढवलेला? याची उत्तरं कागदावर नसतील तर जे उभं राहील ते वॉर्साचं भावंड नसेल, सिनेमाचा सेट असेल. सेट वाईट असतो असं नाही, पण त्याला तिकीट वेगळं लावावं. मला विचाराल तर त्या पैशातून आधी आज उभ्या असलेल्या वाड्यांची मापं घ्यावीत. पुण्यात, वाईत, सातारच्या पेठांत अजून आहेत तोवर.

कोल्हापूरच्या वाचकांना पोलंड नवा नसेल. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, आणि त्याची आठवण म्हणून वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. मावसभाऊ तिथे जाऊन आलाय. त्याला मी सांगून ठेवलंय की पुढच्या वेळी राजवाड्याचा फोटो काढशील तर मनोऱ्याचा नको, झेरोम्स्कींच्या खिडकीचा काढ, आणि मावशीला सांग की एवढी भिंत रंगवलेली असली तरी जुनी आहे.